मुंबई अग्निशमन दल

मुंबई अग्निशमन दल हे बृहन्मुंबई महानगरपालिकेचे आग विझवण्याचे व बचावकार्याचे खाते आहे. मुख्यालय भायखळ्याला, दूरध्वनी १०१. लोक जवानांना 'बंबवाले' म्हणतात. दलात 'वर्दी' म्हणजे गणवेश नव्हे, घटनेची खबर. ही वर्दी आगीचीच असते असेही नाही: पडलेले झाड, अडकलेली लिफ्ट, खचलेली इमारत, मांजात गुंतलेली घार, सगळ्यासाठी गाडी निघते.

एकोणिसाव्या शतकात हे काम पोलिसांकडे होते आणि बंब घोडे ओढत. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्याने जबाबदारी पालिकेवर आली. पहिला मोटारबंब १९०७ साली दाखल झाला.

दलाच्या इतिहासातला सर्वांत काळा दिवस १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. दुपारी कापूस धुमसू लागला. जहाज जागीच बुडवावे की ओढून बाहेर न्यावे, याचा निर्णय होईना, कारण शेवटचा शब्द कुणाचा हेच ठरलेले नव्हते. जवान पाणी मारत राहिले. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. दलाची ६६ माणसे गेली. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो याच घटनेमुळे.

मनुष्यबळाची उतरंड अग्निशामकापासून सुरू होते. पुढे प्रमुख अग्निशामक, दुय्यम केंद्र अधिकारी, केंद्र अधिकारी, विभागीय अधिकारी आणि शेवटी प्रमुख अग्निशमन अधिकारी. गाडी चालवणारा 'यंत्रचालक' नुसता चालक नसतो. घटनास्थळी पोहोचल्यावर पंपाचा दाब तोच सांभाळतो. २०२३च्या सुरुवातीला दहिसरला ९१० जागांसाठी भरती झाली. तिथल्या मैदानी चाचणीत १९ फुटांवरून ताणलेल्या चादरीत उडी मारावी लागते आणि माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन पळावे लागते. गाड्या निविदा काढून येतात. उडी मारणारा माणूस तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून रिकामी पदे हीच खरी उणीव ठरते.

वर्दीवर गेलेला वरिष्ठ गाडीत बसून हुकूम सोडत नाही, जवानांबरोबर आत शिरतो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवासच्या आगीत इमारतीचा भाग कोसळला. अधिकारी संजय राणे व महेंद्र देसाई त्याच दिवशी गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर पुढे उपचार चालू असताना. एका आगीत दलाने आपला प्रमुखच गमावला.

दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. अशी गाडी उभी करायला मोकळी जागा लागते, आणि काळबादेवीच्या गल्लीत ती वळणार कशी? त्यामुळे इमारतीतली स्वतःची यंत्रणा चालू असणे महत्त्वाचे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८पासून लागू आहे. त्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते. अनेक सोसायट्यांत हा कागद वेळेवर निघतो, नळीत पाणी असतेच असे नाही.

रुग्णवाहिकेचा कारभार वेगळा आहे. १०८ ही सेवा राज्य शासनाची. २६ जानेवारी २०१४ रोजी ती सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती, आणि गाडीत डॉक्टर हे तिचे वैशिष्ट्य. कोंडीत अडकणाऱ्या मुंबईसाठी ऑगस्ट २०१७मध्ये बाइक रुग्णवाहिका आल्या. म्हणजे ढिगाऱ्याखालून माणसाला बाहेर काढणारे हात पालिकेचे आणि रुग्णालयात नेणारी गाडी राज्याची; दोघांना बोलावणारे क्रमांकही वेगळे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळला, तेव्हा दोन्ही सेवांबरोबर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही तिथे होते. खाली पेट्रोल असल्यामुळे लोखंड कापायला गॅस कटर वापरता आला नाही, आणि काम दिवसांवर गेले.