अंतराळयानातील निवासव्यवस्था

अंतराळयानातील निवासव्यवस्था : दीर्घ मोहिमेत अंतराळवीरांची झोप, कार्यक्षमता व मनःस्वास्थ्य टिकून राहावे म्हणून यानाच्या अंतर्भागाची केलेली रचना. तिच्या आरंभाचे श्रेय सामान्यतः अमेरिकेच्या स्कायलॅब स्थानकाला (1973) देतात. स्कायलॅबसाठी औद्योगिक अभिकल्पक रेमंड लोवी यांचा सल्ला घेतला होता व भोजनकक्षाला खिडकी हवी, हा आग्रह त्यांचाच. तथापि सोव्हिएट वास्तुविशारद गालिना बालाशोव्हा यांनी 1963 च्या सुमारास सोयूझ या सोव्हिएट अंतराळयानाच्या कक्षीय भागाची अंतर्रचना आखली होती. भारहीनतेत दिशाभ्रम होऊ नये म्हणून ‘वर’ व ‘खाली’ रंगभेदाने दाखविण्याची पद्धत त्यांनी रुजविली. त्यामुळे अग्रमान त्यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते.

दरडोई किती जागा लागते याविषयी एकमत नाही. संशोधक सेलेंटानो व सहकारी यांच्या आलेखांनुसार (1963) मोहिमेच्या मुदतीबरोबर गरज वाढते व सु. सहा महिन्यांनंतर स्थिरावते. पण त्यांचा आधार जमिनीवरील अल्पकालीन प्रयोगांचा होता. मंगळ मोहिमेसाठी नासाच्या तज्ज्ञांनी सुचविलेली दरडोई किमान 25 घ. मी. ही मर्यादाही मोजमापातून नव्हे, सहमतीतून ठरली आहे. नुसत्या घनफळापेक्षा मांडणी व खासगीपणा यांना महत्त्व देणारे मत आता अधिक ग्राह्य मानावे लागते.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील हार्मनी विभागात चार शयनकक्ष असून प्रत्येकाचे घनफळ सु. 2.1 घ. मी. आहे. भिंतीला बांधलेली झोपपिशवी, संगणक, दिवा व वायुवीजन एवढेच त्यात मावते. पण दार लावून एकटे राहता येते, ही त्याची खरी किंमत. भारहीनतेत उबदार हवा वर चढत नाही. त्यामुळे पंखा मंदावला, की उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड चेहऱ्याभोवती साचतो. डोके दुखते, झोप मोडते. पंख्याचा वेग वाढविला, तर आवाज वाढतो आणि शयनकक्षात तो सु. 50 डेसिबेलच्या आत राखायचा असतो. म्हणून हवामार्गाला ध्वनिशोषक अस्तर देतात. कपड्यांचे तंतू व त्वचेचे कण खाली बसत नाहीत, तरंगत येऊन जाळीवर व पात्यांवर चिकटतात आणि प्रवाह हळूहळू घटवितात. ते वेळोवेळी निर्वात झाडणीने (व्हॅक्यूम क्लीनरने) काढावे लागतात.

स्थानकावर दिवसाला सु. 16 सूर्योदय होतात. जैविक घड्याळ बिघडू नये यासाठी 2016 पासून एलईडी दिवे बसविण्यात येत आहेत : सावधपणासाठी निळसर 6,500 केल्विन (प्रकाशाच्या रंगछटेचे एकक), एरवी 4,500 व झोपेपूर्वी पिवळसर 2,700 केल्विन.