बाह्य धूरजनक (इलेक्ट्रिक स्मोकरचा)

बाह्य धूरजनक : इलेक्ट्रिक स्मोकरच्या (अन्नाला धुरी द्यायच्या विजेच्या यंत्राच्या) कपाटाबाहेर लाकूड नुसतं धुमसत ठेवून त्याचा धूर नळीवाटे आत सोडणारं छोटं साधन. बोलताना सगळे 'स्मोक जनरेटर'च म्हणतात. तयार विकतही मिळतं, पण इथे घरी जमवलेल्या स्वस्त प्रकाराचीच माहिती दिलीय, म्हणजे लोखंडी नळी नाहीतर रिकामे डबे, पितळेची बारीक नळी आणि फिश टँकचा एअर पंप एवढ्यावर भागणारा. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन इथे घरी मांस, मासे, चीज यांना धुरी देणाऱ्यांत हा चांगलाच रुळलाय.

गरज : इलेक्ट्रिक स्मोकर म्हणजे मुळात थर्मोस्टॅट लावलेलं बंद कपाट. साधारण ८०० ते १२०० वॅटची कॉइल आणि तिच्याजवळ लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे. कॉइल तापली की ढलप्या धुरकटतात, ठरवलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो आणि धूरही मरतो, आणि कपाट जितकं चांगलं इन्सुलेट केलेलं तितकी कॉइल जास्त वेळ बंद राहते, म्हणजे उष्णता राखण्यात कपाट जितकं हुशार तितकं धुराला वाईट. चीज किंवा सामनसारख्या माशाला थंड धुरी द्यायची (साधारण ३० अंश सेल्सियसच्या आत) तर कॉइल लावताच येत नाही, मग धूर येणार कुठून? धुमसणारा ट्रे सरळ आत ठेवून बघतात लोक, पण आत हवा कमी खेळते त्यामुळे तो गुदमरून विझतो. म्हणून उष्णतेचं काम कपाटाकडे ठेवायचं आणि धुराचं काम बाहेर काढायचं.

मूळ : ही कल्पना नेमकी कुठून आली याचे धागे तीन ठिकाणी जातात. एक म्हणजे जुनी शेतघरांवरची धुरीघरं, ज्यातल्या काहींत जाळ बाहेर खड्ड्यात असायचा आणि धूर चरातून आत यायचा. दुसरा धागा मधमाश्यापालकांच्या भात्याच्या धुराड्याचा, जे अमेरिकेत मोझेस क्विन्बीने बहुधा १८७० च्या दशकात वापरात आणलं. डबा, धुमसणारं इंधन आणि बाहेरून दिलेली हवा हे तिन्ही भाग त्यात आहेत. तिसरा, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या टॉरी संशोधन केंद्राने १९३९ च्या सुमारास आणलेली टॉरी भट्टी, जिच्यात लाकडाचा भुसा वेगळ्या चुलींत धुमसायचा, हवा पंख्याने फिरायची आणि तापमान वेगळ्या हीटरने राखलं जायचं. घरगुती साधन मधमाशीवाल्या धुराड्यासारखं दिसतं म्हणून त्या धाग्याकडे मन ओढलं जातं खरं, पण दिसण्यापेक्षा कामाची विभागणी बघितली तर टॉरी भट्टीशी नातं जास्त जवळचं वाटतं, कारण उष्णता, हवा आणि धूर ही तीन कामं तिथे स्पष्टपणे वेगळी केलेली आहेत.

'व्हेंचुरी' हे नाव : पंपावर चालणाऱ्या प्रकाराला सर्रास व्हेंचुरी स्मोक जनरेटर म्हणतात. इथे जरा थांबायला हवं, कारण नावामुळे बांधणीत चुका होतात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरीने १७९७ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केलेलं काम होतं नळीतल्या प्रवाहावर, की नळी अरुंद होते तिथे वेग वाढतो आणि दाब उतरतो. पुढे क्लेमेन्स हर्शेलने १८८० च्या दशकात पाणी मोजायचं मीटर याच तत्त्वावर केलं आणि त्याला व्हेंचुरीचं नाव दिलं. खऱ्या व्हेंचुरीत सगळाच प्रवाह निमुळत्या गळ्यातून जाऊन पुन्हा रुंद होतो. आपल्या डब्यात असा गळाच नसतो. इथे बारीक नळीच्या तोंडातून हवेची धार सुटते आणि ती आजूबाजूचा धूर आपल्यासोबत ओढून नेते, याला इजेक्टर म्हणणं जास्त बरोबर. हेन्री जिफार्डचा १८५८ चा बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर याच घराण्यातला, आणि आपल्या स्वयंपाकघरातली गॅसची शेगडीसुद्धा, तिच्यात नॉझलमधून सुटलेली गॅसची धार बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेते म्हणूनच ज्योत निळी येते.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. व्हेंचुरी म्हटलं की लोक बाहेर जाणारी नळी निमुळती करायला जातात, तिने उलटा दाब तयार होतो आणि धूर कपाटात जायच्याऐवजी पेटवायच्या भोकातून खाली गळायला लागतो. धारेला तिच्याभोवती मोकळी जागा हवी. म्हणून या नोंदीत 'इजेक्टर'च बरोबर मानलाय, पण दुकानात विचारताना व्हेंचुरीच म्हणा, नाहीतर कुणाला कळणार नाही.

बांधणी : साधारण अडीच-तीन इंच व्यासाची, फूटभर उंचीची पोलादी नळी उभी घेतात, ती नसेल तर सूपचे दोन-तीन डबे तळ कापून एकावर एक, मात्र डब्यांना आतून लॅकर (वार्निशसारखा लेप) असतो तो आधी उघड्यावर चांगला जाळून घालवायचा. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप निखाऱ्याच्या जागी अजिबात नको, जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि धुमसत्या लाकडाचा निखारा त्याच्या पुष्कळ वर जातो. तळाशी जाळी, जाळीच्या जरा वर ६ ते ८ मिलिमीटरचं भोक, तिथूनच पेटवायचं आणि तिथूनच हवा आत येते. वरच्या अंगाला पाऊण इंची टी-जोड (इंग्रजी T च्या आकाराचा, मधलं टोक उभ्या नळकांड्याला), टीच्या एका टोकातून कपाटाकडे जाणारी नळी आणि समोरच्या टोकातून पाव इंची पितळेची नळी आत घालायची, इतकी आत की तिचं तोंड धूर शिरतो त्या जागेच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या नळीत गेलं पाहिजे. सगळी गंमत या तोंडावर आहे. ते मागे राहिलं तर पंपाची हवा उलटी नळकांड्यात फुंकली जाते.

तपासायची सोपी रीत म्हणजे उदबत्ती. लाकूड न भरता पंप चालू करा, पेटवायच्या भोकाजवळ उदबत्ती धरा, तिची धुराची रेघ वाकून आत ओढली गेली तर तोंड बरोबर बसलंय, बाहेर ढकलली गेली तर पितळेची नळी थोडी पुढे सरकवा. दोन-चार मिलिमीटरने चित्र पालटतं.

पंप लहान, मिनिटाला दोन ते पाच लिटर हवा देणारा पुरतो. चुलीवरच्या फुंकणीशी याची तुलना करतात ती अर्धीच बरोबर, फुंकणी हवा निखाऱ्यावर घालते, हा पंप वरून ओढ निर्माण करतो आणि खालून हवा आपोआप येते. ओढ जास्त झाली की निखारा भडकतो, म्हणून मध्ये फिश टँकचाच छोटा कॉक लावायचा आणि पंपाच्या तोंडाशी एकमार्गी व्हॉल्व्ह. लाइट गेली तर धूर उलटा पंपात शिरतो आणि त्यातला डांबरासारखा चिकटा आतल्या रबरी पडद्याला धरतो, मग तो पंप गेलाच समजा. कपाटाकडे जाणारी नळी थोडी जनरेटरकडे उतरती ठेवायची, म्हणजे आतला चिकटा अन्नावर न टपकता मागे वाहतो. एकदा वापर झाल्यावर पितळेचं तोंड बघितलं तर त्यावर काळं, चकचकीत, वार्निशसारखं कडं बसलेलं असतं, ते दर खेपेला बारीक तारेने काढावं लागतं.

ढलप्या फार बारीक असल्या की दाबून बसतात, फार मोठ्या असल्या की मध्ये अडकून कमान धरतात, खालचं लाकूड जळून पोकळी होते आणि धूर बंद पडतो. यावर उपाय म्हणून नळकांड्यात एक लांब सैल स्प्रिंग उभी ठेवतात, किंवा अर्ध्या तासाने एक टिचकी मारायची.

पंपाशिवायचा प्रकार : अमेरिकेत याला मेलबॉक्स मॉड म्हणतात. तिथल्या खेड्यांत रस्त्याकडेला दिसते ती बोगद्याच्या आकाराची टपालपेटी (रचना रॉय जोरोलमन याची, १९१५ ची) घ्यायची, तिच्यात पेलेटचा (दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांचा) चक्रव्यूहासारखा जाळीचा ट्रे ठेवायचा आणि कपड्यांच्या ड्रायरच्या तीन इंची ॲल्युमिनियम डक्टने स्मोकरच्या ढलप्या घालायच्या भोकाला जोडायची. मास्टरबिल्ट या कंपनीच्या स्मोकरवर हे जास्त दिसतं. कपाट उबदार असलं की वरच्या झडपेतून हवा बाहेर जाते आणि खालून धूर ओढला जातो, बस. पेटीला जस्ताचा मुलामा असला तरी निखारा ट्रेमध्ये असतो, पत्र्याला लागत नाही, म्हणून चालतं. कपाट थंड असेल तर मात्र ओढ कमी पडते.

धूर कसा असावा : पातळ, निळसर. दाट पांढरा धूर म्हणजे वाफ आणि मोठे थेंब, त्याने चीज कडू होतं. स्वादाची मुख्य द्रव्यं, ग्वायकॉल आणि सिरिंगॉल, लाकडातल्या लिग्निनपासून येतात. निखाऱ्याचं तापमान ४०० अंशांच्या वर चढत जाईल तशी बेंझोपायरीनसारखी कर्कजनक द्रव्यं वाढतात. युरोपियन संघात धुरवलेल्या मांसातली बेंझोपायरीनची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून किलोला ५ वरून २ मायक्रोग्रॅमवर आणलीय. बाहेरच्या जनरेटरचा इथे खरा फायदा असा की धूर नळीतून जाताना गार होतो आणि जड चिकटा नळीतच बसतो. म्हणून नळी अगदी आखूड करायचा मोह टाळावा, दोन-तीन फूट बरी.

खबरदारी : धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, घरात, गॅरेजमध्ये, बंद गॅलरीत हे चालवायचं नाही. थंड धुरी म्हणजे शिजवणं नव्हे. मासा आधी मिठात मुरवलेला हवा, आणि व्हॅक्यूम पॅक करणार असाल तर त्यातल्या पाण्याच्या भागात किमान ३.५ टक्के मीठ हा अमेरिकेतला दंडक बॉट्युलिझमच्या (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेच्या) भीतीने ठेवलाय, तो घरीही पाळावा, आणि मासा फ्रीजमध्येच.

लाकूड : हिकरी, ओक, सफरचंद, आल्डर हे तिकडचे नेहमीचे. पाइन, रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड नको. खोली तापवायच्या शेगडीसाठी विकतात ते स्वस्त पेलेटही नकोत, त्यात पाइन असू शकतं. आपल्याकडे कोळशावर तूप सोडून डाळीला किंवा भरताला धुरी देतात ती दोन-चार मिनिटांची, तासन् तास चालणाऱ्या या धुरीशी तिचा संबंध दूरचाच. पण इथे कुणी हे बांधलंच तर आंबा, पेरू यांच्या वाळलेल्या ढलप्या चालतात. कण्हेर मात्र विषारी, तिची काडीसुद्धा नको, आणि बिब्बा किंवा काजूची टरफलंही या डब्यात घालू नयेत, त्यांच्या तेलाने कातडीला फोड येतात.