सॅमनसाठी विकत घेतलेला डोंगर

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला क्लॅमथ नदी समुद्राला मिळते. मुखापासून साधारण 25 किलोमीटर वर ब्लू क्रीक हा ओढा तिच्यात येतो. उन्हाळा सरताना समुद्रातून परतणारे सॅमन मासे या संगमावर थव्याने थांबतात, केवळ गारव्यासाठी.

सॅमनचे शरीर पाण्याबरोबर तापते. पाणी कोमट झाले की त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच तो पाण्यात कमी विरघळलेला असतो. त्यात हा मासा नदीत शिरला की खाणे जवळजवळ सोडतो. अंडी घालण्याच्या जागेपर्यंतचा सारा प्रवास अंगातल्या चरबीवर. कोमट पाण्यात ही शिदोरी वाटेतच संपते. रोगही फोफावतात. सप्टेंबर 2002 मध्ये नदीला पाणी कमी होते, मासे दाटीवाटीने अडकले आणि कल्ल्यांच्या रोगांनी किमान 34,000 मेले.

ब्लू क्रीक गार राहतो तो डोंगरातून येणाऱ्या पाण्यामुळे आणि काठच्या झाडांच्या सावलीमुळे. पण खालच्या पाणलोटाची जमीन लाकूड कंपनीची होती. तोडीसाठी रस्ते काढले की पावसात माती ओढ्यात येते, डोह बुजतात, गोट्यांच्या फटींत गाळ बसतो आणि तिथली अंडी गुदमरतात. म्हणजे संगमावरचा गारवा टिकवायचा तर डोंगरच हाती हवा.

वेस्टर्न रिव्हर्स कंझर्व्हन्सी या धर्मादाय संस्थेने तेच केले. टप्प्याटप्प्याने सुमारे 47,000 एकर जमीन विकत घेऊन ती युरोक या आदिवासी समाजाकडे सोपवली. शेवटचा टप्पा 2025 मध्ये पूर्ण झाला. ही त्यांचीच जमीन, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हातची गेलेली. खर्च साडेपाच कोटी डॉलरहून अधिक. नुसत्या देणग्यांवर तो भागला नाही. कमी व्याजाची कर्जे, करसवलती आणि जंगलाच्या कार्बन क्रेडिटची (झाडे शोषून ठेवतात त्या कार्बनच्या मोबदल्यात मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या हक्कांची) विक्रीही लागली. तरी देणगीचे मोल मला वेगळे वाटते: तिला परतावा द्यायचा नसतो, म्हणून तिच्यातून घेतलेले जंगल पैसे फेडण्यासाठी तोडावे लागत नाही.

2024 मध्ये क्लॅमथवरची चार मोठी धरणे पाडण्याचे काम संपले आणि त्याच शरद ऋतूत सॅमन धरणांच्या पलीकडे, वरच्या ओरेगॉन राज्यापर्यंत पोचले. ब्लू क्रीकच्या डोंगरात आता युरोक लोकांपुढे जुने लाकूडतोडीचे रस्ते मोडण्याचे आणि दाट लावलेली झाडे विरळ करण्याचे काम आहे.