पायथनच्या बॅटऱ्या: आत कोणत्या, बाहेर कोणत्या

ऑक्टोबर २०२४मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१३ ही आवृत्ती आली आणि स्टँडर्ड लायब्ररीतली, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार कोडच्या संचातली, १९ मॉड्यूल्स (कोडचे सुटे भाग) एका झटक्यात गेली. वेब सर्व्हरवर प्रोग्राम चालवायच्या जुन्या पद्धतीचं सीजीआय गेलं, दूरच्या कॉम्प्युटरशी टेलनेटने जोडणारं टेलनेटलिब गेलं, सन कंपनीच्या जुन्या ऑडिओ फाइली वाचणारं सनएयूही गेलं. ‘बॅटऱ्यांसकट मिळणारी भाषा’, म्हणजे लागणारं सगळं सोबतच, ही पायथनची जुनी शेखी. म्हणून या मॉड्यूल्सना नाव पडलं ‘मेलेल्या बॅटऱ्या’.

ती मुळात आत आली कशी? पायथन १९९१चं. पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, एका जागी मिळायची सोय, म्हणजे पायपीआय, झाली २००३मध्ये. ती पॅकेजेस उतरवून बसवणारं पिप पायथनसोबत मिळू लागलं थेट २०१४मध्ये, ३.४पासून. तोवर जे लायब्ररीत नाही ते शोधायचं कुठे, इथूनच सुरुवात. अशा दिवसांत दारं सताड उघडी असणं साहजिकच होतं.

नंतर निकष बदलला. २०१५मध्ये ‘रिक्वेस्ट्स’ हे बाहेरचं पॅकेज आत घ्यावं का, यावर चर्चा झाली. वेबवरून काही आणायचं तर सगळे तेच वापरतात, पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही त्याचीच शिफारस करतं. तरी ते बाहेरच राहिलं, आणि माझ्या मते योग्यच झालं. सुरक्षेतलं भोक आज सापडलं तर आजच बुजवायला हवं; पायथनची नवी आवृत्ती तेव्हा साधारण दीड वर्षाने निघायची. लायब्ररीत शिरलं की त्याच चालीने चालावं लागतं.

उलट उदाहरण टॉमलचं, म्हणजे सेटिंग्ज साध्या मजकुरात लिहायच्या एका फाइल-प्रकाराचं. प्रोजेक्टची माहिती टॉमल फाइलीत ठेवायचं २०१६मध्ये ठरलं, पण ती फाइल पायथनला स्वतःला वाचता येईना! पिपला टॉमल वाचणारा कोड स्वतःच्या पोटात घेऊन फिरावं लागलं. अखेर २०२२मध्ये, ३.११मध्ये, टॉमलिब हे मॉड्यूल लायब्ररीत आलं. तेही फक्त वाचणारं. लिहिताना कॉमेंट्स जपायच्या का, मांडणी कशी ठेवायची, यावर दहा जणांची दहा मतं. म्हणून लिहिण्याचा भाग बाहेरच्या पॅकेजेसवर सोडला.

आत घेणं एकवेळ सोपं, बाहेर काढणं महाकर्मकठीण. ख्रिश्चन हाइम्स यांचा ‘मेलेल्या बॅटऱ्यां’चा प्रस्ताव २०१९चा; मंजुरी २०२२मध्ये, मग दोन आवृत्त्या नुसत्या इशाऱ्यांच्या. सीजीआयवर अडलेल्यांसाठी कुणीतरी तोच कोड ‘लेगसी-सीजीआय’ नावाने पायपीआयवर ठेवलाही. ध्वनीच्या मॉड्यूल्सवर तर कुऱ्हाडच पडली, पण डब्ल्यूएव्ही या ध्वनी-फाइली हाताळणारं वेव्ह बचावलं. त्या फाइली आजही चालतात, शिवाय मुलांना कॉम्प्युटरमधून आवाज कसा काढायचा हे दाखवायला ते वापरतात, हे कारण प्रस्तावातच नोंदवलेलं आहे.