काटकसरी जनुक गृहीतक

माणसाच्या अंगावर चरबी सहज चढते आणि चढलेली चरबी सहजासहजी उतरत नाही, याचे मूळ मानवजातीने सोसलेल्या उपासमारीच्या दीर्घ इतिहासात आहे, असे मानणारे उत्क्रांतिविषयक गृहीतक. अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठातील आनुवंशिकीतज्ज्ञ जेम्स नील (१९१५–२०००) यांनी ते १९६२ मध्ये मांडले. नील यांच्यापुढचा प्रश्न मुळात वजनाचा नसून मधुमेहाचा होता. जो विकार घराण्यातून उतरतो आणि ज्याने प्रजननक्षमता घटते, तो नैसर्गिक निवडीमुळे केव्हाच विरळ व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो सर्रास आढळतो. याचा उलगडा नील यांनी असा केला की, आज मधुमेहाकडे नेणारी जनुके एके काळी उपकारक असली पाहिजेत. शिकार मिळाली की पोटभर आणि न मिळाली की उपाशी, अशा जीवनक्रमात ज्यांचे शरीर जेवणानंतर झटपट इन्शुलिन सोडून जास्तीची ऊर्जा चरबीच्या रूपाने बाजूला टाकत असे, ती माणसे टंचाईत तगली आणि त्यांची संतती वाढली. बारमाही सुगीच्या काळात मात्र तीच जनुके घातक ठरली.

‘काटकसरी’ हा शब्द थोडा फसवा आहे. मराठीत काटकसर म्हणजे खर्चाला आवर. नील यांच्या मांडणीत भर आहे तो तत्पर साठवणीवर. लठ्ठ माणसाचे शरीर ऊर्जा कमी खर्च करते, हा समज या शब्दामुळे बळावला, पण मोजमापांनी त्याला आधार दिलेला नाही. मोठे शरीर विश्रांतीतही लहान शरीरापेक्षा अधिक ऊर्जा वापरते. टांझानियातील हाडझा हे आजही शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक. त्यांचा दैनंदिन ऊर्जाव्यय मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी मोजला, तेव्हा शरीराचे आकारमान जमेस धरल्यावर तो अमेरिका व युरोपातील शहरी माणसांइतकाच भरला (२०१२). रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या आणि खुर्चीत बसणाऱ्या माणसांच्या एकूण खर्चात अपेक्षेएवढा फरक नसेल, तर वजनवाढीचा शोध खर्चापेक्षा जमेच्या बाजूला घ्यावा लागतो.

शरीरातील ऊर्जेची साठवण दोन ठिकाणी होते. यकृत आणि स्नायूंमधील ग्लायकोजेन हा घरातल्या डब्यासारखा हाताशी असलेला साठा असून तो काही शे ग्रॅमच असतो आणि पाण्यासह साठत असल्याने जड पडतो. पूर्ण उपवासात यकृतातील ग्लायकोजेन साधारण एका दिवसात संपत येते. चरबी हे पेव आहे. एका ग्रॅम कर्बोदकातून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर तेवढ्याच चरबीतून सुमारे ९, आणि चरबीबरोबर पाणी साठवावे लागत नाही. मध्यम बांध्याच्या प्रौढाच्या अंगावरील दहा-बारा किलो चरबीत सुमारे एक लाख किलोकॅलरी असतात. हिशेबापुरते पाहिले तर ही दीड-दोन महिन्यांची बेगमी होते. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते, त्यामुळे चरबीपेशींतून मेदाम्ले बाहेर पडणे थांबते आणि अन्नातील स्निग्धांश पेशींत जाऊ लागतो. उपवासात इन्शुलिन उतरले की हाच व्यवहार उलट्या दिशेने चालतो. अन्नातील स्निग्ध पदार्थ चरबी म्हणून साठवायला शरीराला फार थोडी ऊर्जा लागते. कर्बोदकांपासून नवी चरबी बनवणे तुलनेने महाग असते, म्हणून शरीर आधी कर्बोदके जाळते आणि स्निग्धांश मागे ठेवते.

नील यांनी मानवी शरीराच्या एका वैशिष्ट्याचा फारसा विचार केला नव्हता. माणसाचे नवजात बालक बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पिलांपेक्षा गुटगुटीत असते. त्याच्या वजनात साधारण १२ ते १५ टक्के चरबी असते. याचे कारण बहुधा मेंदूत आहे. प्रौढाचा मेंदू वजनाच्या २ टक्के असून विश्रांतीतील ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के खातो, आणि नवजात अर्भकात हा वाटा निम्म्याहून अधिक असतो. दूध कमी पडले किंवा जुलाब झाले तरी मेंदूचे इंधन तुटू नये, यासाठी चरबीचा साठा उपयोगी पडतो. स्त्रियांच्या शरीरातील अधिक चरबीचा संबंधही गर्भारपण आणि स्तनपान यांच्या वाढीव गरजेशी जोडला जातो. चरबी जपण्याचा कल, या दृष्टीने पाहता, काही अभागी घराण्यांचा दोष नसून मनुष्यजातीचा सामाईक वारसा आहे, आणि गृहीतकाचा हा सर्वसाधारण भाग आजही टिकून आहे.

साठा किती उरला आहे हे मेंदूला कसे कळते, याचे उत्तर १९९४ मध्ये मिळाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने उंदरातील एक जनुक शोधून काढले. त्यापासून चरबीपेशी जे संप्रेरक बनवतात, त्याला पुढे लेप्टिन हे नाव मिळाले. रक्तातील लेप्टिन चरबीच्या प्रमाणात असते आणि मेंदूतील अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) हा भाग ते वाचतो. लेप्टिन जन्मतःच बनत नसलेली मुले सतत भुकेली व अतिलठ्ठ असल्याचे केंब्रिजच्या संशोधकांना १९९७ मध्ये आढळले, आणि बाहेरून लेप्टिन दिल्यावर त्यांची भूक ताळ्यावर आली. सामान्य लठ्ठ माणसाला मात्र लेप्टिन टोचून फारसा उपयोग होत नाही, कारण त्याच्या रक्तात ते आधीच भरपूर असते. ही यंत्रणा एकांगी आहे: लेप्टिन घटले की मेंदू आणीबाणी जाहीर करतो, वाढले की जेमतेम दखल घेतो. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले, चयापचय मंदावला, अंग गार पडू लागले आणि मनात अन्नाखेरीज दुसरा विषय उरला नाही. पुन्हा खायला मिळाल्यावर चरबी स्नायूंपेक्षा आधी भरून निघाली. उपाशी राहून वजन उतरवणाऱ्याला जी ओढ जाणवते, ती मनाच्या दुबळेपणाची खूण नव्हे. साठा ओसरल्याची वर्दी शरीर अशाच रीतीने देते.

गृहीतकाचा पुरावा म्हणून दीर्घकाळ अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या पिमा या आदिवासींकडे बोट दाखवले जाई. १९६५ पासून त्यांच्या वसाहतीत चाललेल्या पाहणीत पस्तिशीपुढील सुमारे निम्म्या माणसांना मधुमेह आढळला. हे लोक गिला नदीच्या पाण्यावर शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वसाहतकारांनी ते पाणी वरच्या बाजूला वळवले, शेती बुडाली आणि पुढे सरकारी शिध्यातील मैदा, साखर व चरबी हेच त्यांचे अन्न झाले. जनुकांच्या चर्चेत या पाणीहरणाचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो, हे उचित नाही. सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगराळ भागात त्यांच्याच रक्ताचे पिमा राहतात व अंगमेहनतीची शेती करतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मेक्सिकोतील पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ६.९ टक्के, तर ॲरिझोनातील पिमांमध्ये ३८ टक्के होते. आनुवंशिक कल सारखा धरला, तरी आजार उघडकीला आणला तो परिस्थितीने.

सर्वांत धारदार टीका स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे जीवशास्त्रज्ञ जॉन स्पीकमन यांनी केली. दुष्काळांनी हजारो पिढ्या काटकसरी जनुके निवडली असती, तर ती आज सगळ्या माणसांत पसरलेली असती आणि एकूण एक माणूस लठ्ठ झाला असता. पण अन्नाची रेलचेल असलेल्या समाजातही अनेक जण सडपातळ राहतात. शिवाय दोन टंचाईंच्या मधल्या काळात शिकारी-संकलक माणसे वजन वाढवून ठेवताना दिसत नाहीत. दुष्काळात मरतात ती प्रामुख्याने लहान मुले आणि म्हातारी माणसे, आणि तीही बहुतांशी साथींनी. भारतीयांच्या मधुमेहाची संगती दुष्काळांशी लावणाऱ्यांना हा आक्षेप विशेष लागू पडतो, कारण १८७६–७८ च्या दख्खनच्या दुष्काळात भुकेइतकाच पटकी आणि हिवतापानेही बळी घेतला होता आणि अंगावर दोन किलो चरबी अधिक असल्याने पटकी टळत नाही. स्पीकमन यांचे पर्यायी मत असे की, हिंस्र श्वापदांचे भय सरल्यावर लठ्ठपणाला वेसण घालणारा निवडीचा दाब सैल झाला आणि वजनाची वरची मर्यादा ठरवणारी जनुके निव्वळ योगायोगाने भरकटली. याला उत्तर देताना पोषणतज्ज्ञ अँड्र्यू प्रेंटिस यांनी मृत्यूपेक्षा जननावर बोट ठेवले. अन्न तुटले की स्त्रियांची पाळी थांबते आणि गर्भधारणा घटते. म्हणून साठ्याचा खरा लाभ जगण्यापेक्षा मूल होण्यात दिसतो. वाद मिटलेला नाही.

जनुकांच्या प्रत्यक्ष शोधातून नील यांना हवे होते तसे जनुक सापडले नाही. २००७ मध्ये उजेडात आलेल्या एफटीओ या जनुकाच्या एका प्रकाराच्या दोन्ही प्रती असलेली माणसे त्या नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोंनी जड असतात. त्यानंतर जनुकसंचात वजनाशी निगडित शेकडो जागा सापडल्या, पण एकेकीचा परिणाम किरकोळ आहे. त्यांतील बऱ्याच जनुकांचे कार्य चरबीपेशींत नसून मेंदूत, भूक आणि तृप्ती यांच्याशी संबंधित आहे. नील यांच्या वर्णनाच्या सर्वांत जवळ येते ते सामोआ बेटांवरचे उदाहरण. तेथे सीआरईबीआरएफ या जनुकाचा जगात इतरत्र जवळजवळ न आढळणारा एक प्रकार त्या जनुकाच्या सुमारे एक-चतुर्थांश प्रतींत असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. तो पेशींना कमी ऊर्जेत अधिक चरबी साठवायला लावतो आणि वजन वाढवतो. गंमत अशी की, त्याने मधुमेहाचा धोका वाढत नाही, उलट घटतो. मधुमेहाचे कोडे सोडवण्यासाठी मांडलेल्या गृहीतकाला मिळालेला सर्वांत चांगला साक्षीदार मधुमेहाच्याच बाबतीत उलटला.

दरम्यान काटकसरीचा पत्ता जनुकांऐवजी गर्भाशयात शोधण्याचा मार्ग खुला झाला होता. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात सुइणींनी १९११ पासून काळजीपूर्वक नोंदवलेली जन्मवजने वापरून डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ मध्ये ‘काटकसरी देहगुणा’ची (देहगुण म्हणजे शरीराची प्रत्यक्ष घडण) कल्पना मांडली. आईचे पोषण अपुरे असले तर गर्भ मेंदू राखतो व स्वादुपिंड, स्नायू, मूत्रपिंड यांवर कात्री चालवतो. असे मूल टंचाईच्या जगाला जुळते, सुबत्तेच्या जगात मात्र अडखळते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पडलेल्या उपासमारीने याची करुण चाचणी घेतली होती. सैन्यभरतीच्या वयातील सुमारे तीन लाख तरुणांच्या नोंदींवरून १९७६ मध्ये असे दिसले की, गर्भावस्थेच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा अधिक होता, तर अखेरच्या महिन्यांत झालेल्यांत कमी.

या विचाराला भारतीय आशय दिला तो पुण्याने. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गर्भधारणेपूर्वीपासून मागोवा घेण्यास प्रारंभ केला. या स्त्रियांचे वजन सरासरी सुमारे ४२ किलो होते आणि त्यांतील बहुतेकींना शेतातील कष्टाची कामे गर्भारपणातही चुकत नव्हती. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे हातापायांनी, पोटाने आणि स्नायूंनी लहान होती. पण पाठीवरील त्वचेखालच्या चरबीची घडी मोजली, तर ती त्या मानाने फारशी कमी नव्हती. ‘बारीक पण चरबीदार’ असे या भारतीय बाळाचे वर्णन तेव्हापासून रूढ झाले. उपासमारीत शरीराने स्नायूंवर पाणी सोडले, चरबीवर नाही. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या व दूध अधिक होते, त्यांची बाळे आकाराने मोठी होती, आणि पुढे २००८ मध्ये असेही दिसले की, गर्भारपणात बी-१२ जीवनसत्त्व कमी पण फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनचा प्रतिरोध, म्हणजे इन्शुलिनला दाद न देण्याचा कल, सर्वाधिक होता. म्हणजे प्रश्न केवळ किती कॅलरी मिळाल्या एवढाच उरत नाही.

याज्ञिक यांनी हीच गोष्ट २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका छायाचित्राने सांगितली. त्यात ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी-शेजारी आहेत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे दिसतात. या फरकाचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की, दक्षिण आशियाई माणसात त्वचेखालचे चरबीचे कोठार लवकर भरते आणि नंतरची चरबी आतड्यांभोवती, यकृतात व स्नायूंत सांडते, जिथे ती इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआयची सावधगिरीची पातळी २५ ऐवजी २३ सुचवली, आणि भारतात कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोक्याचा मानला जातो.

गेल्या अर्धशतकात वजने वाढली ती जनुके बदलून नव्हे. तेवढा अवधीच मिळालेला नाही. बदलले ते अन्न. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना इस्पितळात ठेवून दोन आठवडे कारखानी बनावटीचे आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. ताटातील साखर, स्निग्धांश, तंतू व प्रथिने यांचे प्रमाण सारखे राखून हवे तेवढे खाण्याची मुभा ठेवली, तेव्हा कारखानी अन्नावर ती माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाऊन बसली (२०१९).

नील यांनी स्वतः १९८२ मध्ये मूळ मांडणीतील इन्शुलिनविषयक तपशील मागे घेऊन गृहीतकाची फेरमांडणी केली. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत १९९० च्या दशकात जन्मलेली मुले आता आईबाप होण्याच्या वयाची आहेत. त्यांतील किशोरवयीन मुलामुलींना २०१२ पासून बी-१२ आणि इतर सूक्ष्मपोषके देण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि त्यांना पुढे होणाऱ्या बाळांची पाठीवरची घडी व नाळेतील रक्त तपासणे हा त्याचा भाग होता.