272 चा आकडा आला कुठून?

लोकसभेची मतमोजणी सुरू झाली की सगळ्यांचे लक्ष 272 वर लागते. राज्यघटनेत हा आकडा कुठेही लिहिलेला नाही. 543 च्या निम्म्याहून जास्त, इतकाच त्याचा अर्थ. पण त्या 543 मागचा इतिहास लांबचा आहे.

मतांच्या प्रमाणात जागा द्याव्यात, अशी मागणी संविधान सभेत झाली होती. जानेवारी 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. साक्षरता कमी होती आणि सभागृहात असंख्य गट झाले तर सरकार टिकणार नाही, ही त्यांची कारणे. म्हणून ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसला सुमारे 45 टक्के मते आणि 489 पैकी 364 जागा मिळाल्या.

त्या 489 जागांसाठी मतदारसंघ मात्र 401 च होते, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. 86 मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडले जात, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. एका मतदारसंघातून तर तीन. मतदाराला जागांइतकी मते असत, पण ती एकाच उमेदवाराला देता येत नसत. उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात 1952 मध्ये खुद्द आंबेडकर हरले. 1957 ला आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये वेगळाच पेच पडला. राखीव जागा एका आदिवासी उमेदवाराला मिळाली आणि उरलेल्यांत सर्वाधिक मते दुसऱ्या आदिवासी उमेदवाराची असल्याने सर्वसाधारण जागाही त्यालाच गेली. पराभूत झालेले व्ही. व्ही. गिरी, पुढचे राष्ट्रपती, न्यायालयात गेले. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला: सर्वसाधारण जागा सर्वांना खुली. मला हे तत्त्व फार मोलाचे वाटते. पद्धत मात्र टिकली नाही. 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ गेले.

जागांची संख्या दर जनगणनेनंतर बदलायची होती. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यांचा वाटा 1971 च्या शिरगणतीवर गोठवला, कारण लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांनी जागा गमावणे अन्यायाचे ठरले असते. 1977 ला 542 जागा होत्या. 1987 मध्ये गोवा राज्य झाले, दमण-दीवला स्वतंत्र जागा मिळाली आणि 543 झाल्या. 84 व्या दुरुस्तीने ही गोठवणूक 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. 2008 पासून लागू झालेल्या पुनर्रचनेत मतदारसंघांच्या सीमा हलल्या, राज्यांचा वाटा तोच राहिला.

कारण रास्त होते, पण किंमत मतदार मोजतो आहे. 1971 च्या गणनेनुसार केरळच्या 20 आणि राजस्थानच्या 25 खासदारांमागे सरासरी सारखेच, साधारण साडेदहा लाख लोक येत. 2011 मध्ये केरळात ते पावणेसतरा लाखांच्या आसपास होते, राजस्थानात सत्तावीस लाखांवर.