ग्रामपंचायतीला उभं राहायचंय? मग कागदं आत्तापासनंच काढायला घ्या

आमच्याकडं कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात ग्रामपंचायत लागली की कट्ट्यावर पहिला विषय निघतो पॅनेल कुणाचं आणि सगळ्यात शेवटी कुणालातरी आठवतं की अरे कागदं आहेत का. मागच्या वेळी आमच्या चुलतभावाचा असाच घात झाला. राखीव जागा होती, जातीचा दाखला फाईलीत होता, गुलालाची पोतीपण कुणीतरी बघून ठेवलेली, आणि छाननीला अर्ज उडाला कारण जात पडताळणीला अर्ज केल्याची पोहोचच नव्हती. म्हणून हे लिहितोय.

आधी मतदार म्हणून नाव. बऱ्याच जणांना वाटतं ग्रामपंचायतीची यादी तलाठी नायतर ग्रामसेवक बनवतो. तसं काय नसतंय. विधानसभेची जी यादी असते तीच घेतात आणि वॉर्डाप्रमाणं तिचे तुकडे पाडतात, निवडणूक फक्त राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यामुळं आयोगानं ठरवलेल्या तारखेला तुमचं नाव विधानसभेच्या यादीत नसलं तर गावच्या यादीत येणारच नाही, मग तुम्ही कितीबी पिढ्यांचे गाववाले असा. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलला किंवा नावात चूक असली तर फॉर्म ८, आणि मयत किंवा गाव सोडून गेलेल्याचं नाव काढायला फॉर्म ७. मोबाईलवरनं ऑनलाईन भरता येतंय, नायतर बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्याला गाठा, तो गावातच कुठंतरी शाळेत मास्तर असतोय. अठरा पूर्ण व्हायला आता फक्त १ जानेवारी धरत नाहीत, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखापण चालतात, तर पोरांची नावं लगेच घाला.

वॉर्डाची प्रारूप यादी लागली की चार-पाच घरं बसून नीट वाचा. एका घरातली आई वॉर्ड २ मध्ये आणि पोरगा वॉर्ड ३ मध्ये हे दर वेळी होतंय. त्याला हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात आणि ती लेखी द्यायची असती, चहाच्या टपरीवर ओरडून उपयोग नाही. पण या हरकतीत वॉर्डाची चूक दुरुस्त होते, नवीन नाव घालून मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

मतदानाला गेल्यावर एकच मत नसतंय. वॉर्डात दोन-तीन जागा असतात आणि थेट सरपंचाची जागा वेगळी, म्हणजे तीन-चार बटणं दाबायची असतात. थेट सरपंच २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ होतोय. एक बटण दाबून लोक निघून येतात. प्रत्येक जागेला कुणीतरी नायतर नोटा (म्हणजे यातलं कुणीच नको), आणि शेवटचा लांब बीप ऐकूनच बाहेर या. चिठ्ठीचा कागद दिसणारी विधानसभेसारखी पेटी इथं नसते, तेव्हा ती शोधत बसू नका.

आता उभं राहणाऱ्यांसाठी. वय २१ पूर्ण पाहिजे आणि गावच्या यादीत नाव पाहिजे. तुमचं नाव वॉर्ड १ मध्ये असलं तरी वॉर्ड ३ मधनं उभं राहता येतंय, पण सूचक मात्र त्याच वॉर्डातला मतदार लागतो. जन्म १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास असल्याचा पुरावा लागतो. घरात संडास असून तो वापरतोय याचं घोषणापत्र द्यायचं. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या पोरामुळं एकूण दोनच्या वर अपत्यं झाली असतील तर विषय संपला, दत्तक दिलं म्हणून ते मोजायचं सुटत नाही. एकानंतर जुळी झाली असतील तर ती जुळी एकच धरतात, एवढी सूट आहे.

घरफाळा, पाणीपट्टीची पावती आधीच फाडून ठेवा. बिल देऊन तीन महिने थकवलं असलं की विरोधक तेच काढतो. त्याहून वाईट म्हणजे गायरानातलं अतिक्रमण. गोठा असो, गाळा असो, सरकारी जागेवर असला तर निवडून आल्यावरही कलेक्टरकडं तक्रार जाऊन पद जाऊ शकतंय, आणि "ते वडलांनी घातलंय, मी नाही" हे आता चालत नाही, कुटुंबाचं अतिक्रमणपण धरतात.

राखीव जागेचं नीट ऐका कारण सगळ्यात जास्त माणसं इथंच पडतात. आपल्याकडं निम्म्या जागा बायकांना आहेत. वॉर्डाची सोडत गावातच निघते, सरपंचपदाची तालुक्याला. जागा राखीव निघाली की प्रांत ऑफिसचा जातीचा दाखला आणि त्याच्यावर पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. कुणबी दाखला काढला म्हणून हुरळून जाऊ नका, तो पहिलाच कागद आहे. वैधता हातात नसेल तर समितीकडं अर्ज केल्याची पोहोच आणि हमीपत्र जोडून अर्ज भरता येतो, पण ती पोहोच अर्ज भरायच्या आधीची पाहिजे. आपल्या जिल्ह्याची समिती विचारे माळात सामाजिक न्याय भवनात बसते, अनुसूचित जमातीची समिती वेगळी असते.

आणि मुदत म्हणजे मुदत. निवडून आल्यावर वैधता सहा महिन्यांत दिली नाही म्हणून २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं आपल्या महापालिकेतल्या जवळपास वीस नगरसेवकांच्या खुर्च्या हलल्या होत्या, मग सरकारनं कायदाच बदलून मुदत बारा महिने केली. प्रत्येक वेळी सरकार धावून येईल असं धरून चालू नका.

बायकांच्या बाबतीत अजून एक. जात लग्नानं बदलत नाही, त्यामुळं दाखला माहेरच्या नावाचा, वडलांच्या पुराव्यावर, आणि मतदार यादीत नाव सासरचं. दोन्ही एकच बाई आहे हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला नायतर राजपत्र लागतं. आमच्या वहिनीच्या माहेरचे जुने दाखले २०१९ च्या पुरात भिजून लगदा झालेले, तिच्या वडलांच्या शाळेतनं निर्गम उतारा परत काढायला दोन महिने गेले.

अर्ज ऑनलाईन भरून प्रिंट द्यायची का कागदावर, ते त्या वेळच्या नोटिशीत असतंय. सोबत अनामत, खुल्याला ५०० आणि राखीवला १०० रुपये. गुन्हे, मालमत्ता, शिक्षणाचं घोषणापत्र, आणि खर्चासाठी बँकेत नवीन खातं. खातं आधीच उघडा, शेवटच्या दिवशी बँकेत गर्दी मरणाची असते. पक्षाचं चिन्ह ग्रामपंचायतीला चालत नाही, मुक्त चिन्हांतनं पसंती लिहायची. दुपारी तीनला खिडकी बंद होते, तीन वाजून पाच मिनिटांनी आलेल्याला आमच्यासमोर परत पाठवलेलं.

निकालानंतर गुलाल धुतला की लोक विसरतात ते म्हणजे खर्चाचा हिशोब. तो ३० दिवसांच्या आत द्यायचा, पडलेल्यानंही. नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत उभं राहायला बंदी येऊ शकते. त्यामुळं रिक्षाचं भाडं, पत्रकं, मिसळीचं बिल, जे काय असेल त्याची पावती त्याच दिवशी वहीत चिकटवत जा.